आक्कांचं बोट

"बोट खाली घ्या, आक्का! आधी बोट खाली घ्या!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की बांधावरच्या चिंचेतले बगळे उडाले. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सत्तर आळ्यांच्या त्या शेतात धरलेलं पहिलं भोपळ्याचं फळ त्यांच्या नजरेला पडलं होतं. लिंबाएवढं, हिरवंगार, अंगावर बारीक लव. आनंदानं त्यांनी मला हाक मारायला तोंड उघडलं, हाक नेहमीसारखी ओठांवर अडकली, म्हणून त्यांनी बोट केलं. सरळ, ताठ, फळाच्या अगदी तोंडाशी.

कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दाखवायचंच असेल तर मूठ वळून दाखवायचं. वेलावरची फळं मोजायचीही नाहीत. चुकून बोट गेलंच, तर तेच बोट दातांखाली धरून चावायचं, म्हणजे दोष निघून जातो.

आक्कांनी घाईघाईनं बोट चावलं.

"जोरात चावा की," मी म्हटलं.

वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी बाई. तिनं पुन्हा चावलं. चार दिवसांनी ते फळ पिवळं पडलं, टोकाकडून मऊ झालं आणि गळालं. मी ते उचलून आक्कांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि राग माझ्या नाकावर बसलेला असायचा. आता तो खाली उतरून गुडघ्यांत गेलाय, पण त्या दिवशीचा माझा आवाज मला अजून ऐकू येतो. माझ्या बाजूनं एवढंच सांगता येईल, की त्या भोपळ्यांवर माझं बरंच काही टांगलेलं होतं.

आमचे हे, म्हणजे दिनकर, इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला होते. महिन्यातून एकदा एसटीनं यायचे. येताना माझ्यासाठी काचेच्या बांगड्या आणि छातीत खोकला घेऊन यायचे. कापसाची धूळ दर महिन्याला थोडी जास्त खोल गेलेली कळायची. घरची शेती दोन तुकड्यांत होती. गावाजवळचं चांगलं रान थोरले दीर, तात्या, कसत होते आणि पुढंमागं ते त्यांच्याच वाटणीला जाणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. आमच्या वाटणीचा तो ओढ्याकडेचा माळ. वीस गुंठे. वर दगडगोटे, हरळी आणि कुसळं. पण हातभर खाली ओढ्यानं वर्षानुवर्षं आणून टाकलेली काळी माती होती. ती माती मी खणून पाहिली होती. माझ्या माहेरी भाजीचाच मळा, त्यामुळे मातीतलं मला कळतं असा माझा ठाम समज होता.

ती माती आणखी एकाला कळली होती. वीटभट्टीवाल्याला.

"दोन हात खोल माती द्या म्हंतोय," होळी झाल्यावर एक दिवस जेवता जेवता तात्या म्हणाले. "बदल्यात विटा देतोय. सोप्याची भिताडं पक्की व्हतील. न्हाई तरी माळ पडूनच हाय."

रीतीप्रमाणे मी थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलत नसे. मी चुलीपाशी पदर पुढं ओढून बसायची, तात्या बाहेरच्या सोप्यात, आणि मधल्या दारात आक्का. मी आक्कांना सांगायचं, आक्कांनी तात्यांना सांगायचं. खरं तर तात्यांना सगळं स्वच्छ ऐकू जात असे. आणि आक्का बोलताना अडखळत, एक शब्द निघायला ओंजळभर दाणे निवडून व्हायचे, त्यामुळे त्यांनी काही सांगावं अशी कुणाची अपेक्षाही नसायची. त्यांनी फक्त दारात उभं राहायचं.

"आक्का, त्यास्नी सांगा," मी म्हटलं, "माळ आमच्या वाटणीचा हाय. माती नेल्यावर आमी त्या खड्ड्यात काय मासं पाळायचं?"

आक्कांनी तोंड उघडायच्या आतच तात्या म्हणाले, "तिला इचार, आजवर त्या माळात कुसळाबिगर काय उगवलंय?"

"त्यास्नी सांगा, मी भाजी काढून दावते. भोपळं काढून दावते."

"किती म्हनावं?"

"गाडीभर!"

हे माझ्या तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. तात्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"बरं. दसऱ्याला बैलगाडी भरून भोपळं निघालं, तर माळ तिचा. दिनकरला मागावरनं बोलवून घ्यावं आन दोघांनी खुशाल कसावा. न्हाई निघालं, तर दिवाळीच्या आदी भट्टीवाल्याची कुदळ पडंल. मग रडायचं न्हाई."

तात्या वाईट माणूस नव्हता. शब्दाचा मात्र चिवट होता, आणि मी तर त्याहून.

दुसऱ्या दिवशी मी कुदळ घेऊन माळावर गेले, तर आक्का आधीच पाटी घेऊन येऊन बसलेल्या. मी बोलावलं नव्हतं. त्यांची एकुलती लेक लग्न होऊन सासरी गेलेली, घरात करमत नसावं. महिनाभर आम्ही दोघी दगड वेचत होतो. मी खणायची, त्या पाट्या वाहून बांधाला टाकायच्या. आक्कांचं बोलणं नसेच. त्यांची बोटांची एक भाषा होती आणि ती मी आठवड्यात शिकले. एक बोट म्हणजे इथं दगड आहे, दोन म्हणजे पाणी पिऊ या, आडवा तळवा म्हणजे आता पुरे, घरी चल. मी मात्र दिवसभर बडबडायची, आणि एवढं निवांत ऐकून घेणारं मला आयुष्यात कुणी भेटलं नव्हतं.

तात्यांनी बैल दोनच दिवस दिले. पहिल्या दिवशी नांगर, दुसऱ्या दिवशी कुळवाच्या पाळ्या. हरळीच्या मुळ्या वर आल्या, त्या आम्ही उन्हात वाळवून पेटवल्या. मग आळी खणायला घेतली, हातभर खोल आणि दोन हात रुंद. दोन आळ्यांतलं अंतर आक्का पावलांनी मोजायच्या आणि खूण म्हणून टाच रोवायच्या. प्रत्येक आळ्यात दोन पाट्या शेणखत, ओंजळभर राख आणि त्यावर मऊ माती. अशी सत्तर आळी झाली. अक्षयतृतीयेला दर आळ्यात चार-चार बिया टोकल्या, आळ्यांच्या मधल्या पट्ट्यांत गवार, भेंडी आणि चवळी टाकली, आणि मग पाऊस येईपर्यंत ओढ्यातल्या झऱ्याचं पाणी घागरीनं वाहिलं. माझ्या डोक्यावरचे केस एका जागी जे विरळ झाले ते अजून तसेच आहेत.

बिया उगवल्या. दर आळ्यात दोन वेल ठेवून बाकीचे उपटले. मृगाच्या सरी पडल्या आणि वेलांनी असा दम धरला की आठ दिवसांत माळावरची माती दिसेना. पाठोपाठ पिवळीधमक फुलं आली.

आता भोपळ्याला फुलं दोन तऱ्हेची येतात. एकाच्या मागं सुरुवातीपासूनच गोटीएवढं फळ असतं. दुसरं नुसतंच लांब देठावर उभं असतं, मागं काही नाही. आमच्या माहेरी त्यांना वांझ फुलं म्हणायचे आणि आई त्यांची भजी करायची. मी पहिल्याच आठवड्यात टोपलीभर वांझ फुलं तोडून आणली आणि बेसनात बुडवून, ओवा घालून भजी तळली.

तात्यांनी एक खाल्लं. मग दुसरं. मग म्हणाले, "ह्ये काय हाय?"

"भोपळ्याची फुलं हाईत म्हनावं," मी चुलीपासून म्हटलं.

तात्यांनी ताट पुढं सरकवलं. त्या दिवशी त्यांनी एकवीस भजी खाल्ली. हात धुताना म्हणाले, "माळात काय तरी उगवतंय म्हनायचं." हे ऐकून मी चुलीपुढं एकटीच हसले. दीर पोटातून वळणार, हे मला त्या क्षणी उमगलं. दसरा येईपर्यंत त्यांना त्या माळाची अशी चटक लावायची, की भट्टीवाल्याचं नाव काढायची त्यांनाच लाज वाटली पाहिजे. मग मी दिवस उजाडायच्या आत माळावर जायची आणि रात्रीतून उमललेलं एकूण एक वांझ फूल खुडून आणायची. कधी भजी, कधी मूगडाळ घालून भाजी, कधी नुसता ठेचा. तात्या रोज विचारायचे, "आज फुलं हाईत न्हवं?"

आणि तेवढ्यात ते पहिलं फळ सडलं.

मग दुसरं सडलं. मग एका पहाटे सात सडलेली सापडली. गोटी लिंबाएवढी व्हायची, पिवळी पडायची आणि गळायची. वेल तर असे माजलेले की ओढ्यापर्यंत जाऊन पोचलेले. गवार येत होती, भेंडी येत होती, दर गुरुवारी मी बाजाराला पाटी घेऊन जात होते. पण गवारीनं बैलगाडी भरत नाही. मी राख टाकली, ताक शिंपडलं, काळी बाहुली टांगली. फळं गळतच राहिली.

कारण मला ठाऊक होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आक्का, तुमी उद्यापासनं माळावर येऊ नगा," मी म्हटलं.

त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहून एक बोट वर केलं, काहीतरी सांगायला.

"त्ये बोटच नगं! त्या बोटानंच सगळं चाललंय."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी आडावर पाणी भरताना चार बायकांत तेच बोलले. "आमच्या आक्कांचं बोट लागलं बगा माझ्या भोपळ्यांना." गावात असं वाक्य घागरीपेक्षा लवकर घरी पोचतं. दोनच दिवसांनी आम्ही दोघी वाटेनं जात होतो, तर समोरून येणाऱ्या एका लेकुरवाळीनं आक्कांना पाहिलं आणि कडेवरच्या बाळाच्या तोंडावरून पदर ओढला. आक्कांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. मी तशीच पुढं चालत राहिले.

त्या दिवसापासून आक्का उजवा हात पदराखाली धरायला लागल्या. मीठ हवं असलं तरी बोट करायच्या नाहीत, स्वतः उठून घ्यायच्या. दगडाचं, पाण्याचं, घरी चल म्हणायचं, सगळी बोटं बंद झाली. घर एकदम गप्प झालं. तरीही फळं गळतच होती. पण हट्टाला एकदा बसलं की माणूस असल्या गोष्टी हिशेबात धरत नाही. जुना दोष अजून फिटला नसेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

श्रावण आला. नागपंचमीला आमच्याकडे काही कापायचं नाही, खुडायचं नाही, तळायचं नाही, तवासुद्धा चुलीवर चढत नाही. रानात कुदळ लागत नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच मी पहाटे माळावर टोपली नेली नाही. घरी पुरणाची दिंडं उकडली. गावचं वारूळ आमच्याच माळाच्या बांधाला होतं, त्यामुळे दिवस वर आल्यावर सगळ्या बायका लाह्या आणि दूध घेऊन तिकडेच आल्या. आक्काही आल्या. देवाच्या कामाला मी त्यांना कशी अडवणार?

पूजा झाली, बायका फेर धरायला गेल्या, आक्का मात्र बांधावरच उभ्या राहिल्या. समोर अख्खा माळ पिवळा झाला होता आणि त्यावर मधमाश्यांचा असा आवाज होता की फेराची गाणी ऐकू येईनात. आक्का बराच वेळ टक लावून पाहत होत्या. आता ही नजर पण लावतेय की काय, असं माझ्या मनात आलं. आज हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

पंचमीनंतर सहावा-सातवा दिवस असेल. मी चुलीवर तेल ठेवलं होतं, बेसन कालवलं होतं, फुलांची टोपली शेजारी होती. मागच्या दारानं आक्का आत आल्या. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. म्हणजे बाई माळावर जाऊन आली होती! मी काही बोलायच्या आत त्यांनी कढई उतरवून खाली ठेवली, एका हातात फुलांची टोपली घेतली, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि मला ओढत बाहेर काढलं.

"आक्का, काय करताय? येड लागलं काय तुमाला?"

त्यांनी मनगट सोडलं नाही. दगडाच्या पाट्या वाहिलेला हात होता तो, माझ्याच्यानं सुटला नाही.

माळावर त्या सरळ तिसऱ्या आळ्याशी गेल्या, खाली बसल्या आणि पानं बाजूला केली. खाली मुठीएवढा भोपळा होता. पिवळेपणा नाही, मऊपणा नाही, घट्ट हिरवा. मी बोट लावून पाहिलं तर देठ चांगला जाडसर झाला होता. आक्का उठल्या, पाचव्या आळ्याशी गेल्या. तिथं तसाच एक. नवव्या आळ्यात दोन. त्या पुढं, मी मागं. प्रत्येक ठिकाणी त्या वळलेल्या मुठीनं दाखवत होत्या. बोट त्यांनी उघडलं नाही. अख्ख्या माळात तसे तीसेक भोपळे होते आणि सगळे एकाच मापाचे होते, एका दिवसाचे असावेत तसे.

"ह्ये कवा धरलं?" मी विचारलं.

"प... प..."

"पावसानं?"

त्यांनी मान हलवली. "प... पं..."

"पंधरा दिस झालं?"

पुन्हा नाही. मी तिसरा शब्द त्यांच्या तोंडात घालणार होते. घरात सगळे तेच करायचे. तात्या करायचे, मी करायची, शेजारणी करायच्या. आक्कांचं कुठलंच वाक्य आम्ही त्यांना पुरं करू दिलं नव्हतं. पण त्यांच्या कपाळावरची शीर ताठ झालेली मला दिसली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

"पं... पंचमी," आक्का म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्या टोपलीतलं एक वांझ फूल उचललं. पाकळ्या सोलून टाकल्या. आतला दांडा तळहातावर घासला, तळहात पिवळा झाला. शेजारी त्याच पहाटे उमललेलं फळाचं फूल होतं, पोटाशी गोटी असलेलं. दांडा त्यांनी त्याच्या आत हलकेच टेकवला आणि माशीसारखा आवाज काढला. तो आवाज मात्र कुठंही अडखळला नाही. आणि मग माझ्याकडे, टोपलीकडे, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

मी तिथंच आळ्याच्या कडेला बसले.

माशी या फुलातून त्या फुलात जाते तेव्हा फळ धरतं, हे मळ्यात जन्मलेल्या मला कुणी सांगायला हवं होतं? आई भजी करायची, पण तोडायला ती स्वतः जायची. दर वेलावर चार ठेवून एक आणत असणार. मी भजीच पाहिली होती, वेलावर राहिलेली फुलं कधी पाहिलीच नव्हती. इथं मी दिवस उजाडायच्या आत, माशी उठायच्या आत, एकूण एक फूल खुडून नेत होते. सगळ्या वर्षात एकच दिवस माझा हात थांबला होता, तोही नागोबाच्या भीतीनं, आणि त्याच दिवसाची तेवढी फळं जगली होती. माळ वाचवायला निघालेली शहाणी मी, माळच तळून दिराच्या ताटात वाढत होते!

"आक्का," मी म्हटलं, "चुकले मी. लई चुकले. तुमच्या बोटाचा काय दोष न्हवता." आणि मला रडू कोसळलं. बाळाच्या तोंडावर ओढलेला तो पदर डोळ्यांपुढून हलेना.

आक्का शेजारी बसल्या. माझ्या पाठीवर पिवळा तळहात ठेवला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. या वेळी मी थांबले. बगळा येऊन बांधावर बसला, उडाला, तरी मी थांबले.

"भ... भजी," आक्का म्हणाल्या, "ब... बरी हुती पण."

आम्ही दोघी तिथं चिखलात बसून एवढ्या हसलो की ओढ्यापलीकडचा गुराखी वर येऊन बघून गेला.

हसणं ओसरल्यावर मी म्हटलं, "आता उघडा की मूठ. बोटानं दावा खुशाल." त्यांनी मान हलवली. हात पुन्हा पदराखाली गेला. मी आडावर जे बोलले होते ते चिखलात बसून पुसलं जाणार नव्हतं.

संध्याकाळी तात्या जेवायला बसले आणि ताटाकडे बघतच राहिले. "भजी कुटं हाईत?"

"आक्का, त्यास्नी सांगा," मी चुलीपासून म्हटलं, "भजी दसऱ्यापतूर बंद. अर्धा माळ त्यांच्या पोटात गेलाय. आन हेबी सांगा, चूक माझी हुती. आक्कांच्या बोटावर आळ घेतला त्यो खोटा."

तात्यांनी ताट जवळ ओढलं. मग आक्कांकडे न बघताच म्हणाले, "भाकरी वाढ." पण आवाज मऊ होता. दुसऱ्या दिवशी आडावर गर्दी व्हायची वाट पाहून मी तेच पुन्हा बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. बायका हसल्या, मला हसल्या. हसू दे म्हटलं.

पुढचा दीड महिना आम्ही दोघी पहाटे माळावर असायचो. पाऊस असला की माश्या येत नाहीत, म्हणून आम्हीच माश्या झालो. दांडा घ्यायचा, या फुलातून त्या फुलात टेकवायचा. वेल रोज तपासायचे, फळाखाली ओल लागू नये म्हणून वाळलं गवत घालायचं. हे महिन्याच्या सुट्टीला आले तेव्हा आम्हाला फुलांवर वाकलेलं बघून म्हणाले, "तुमी दोघी काय करताय?" मी म्हटलं, "पोरांची लग्नं लावतोय." खोकता खोकता हसले.

तरी दसरा जवळ येऊ लागला तशी माझी झोप उडाली. वेलांची पानं वाळायला लागली, त्यांखालून भोपळे दिसायला लागले, काही अजून हिरवे, काही तांबूस. पण ते गाडीभर आहेत की नाहीत? वेलावरची फळं मोजायची नाहीत, म्हणून मी मोजली नव्हती. एवढं सगळं होऊनही तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी तात्या बैलगाडी जुंपून माळावर आले. बैलांच्या शिंगांना रंग लावला होता. हेही आदल्या रात्रीच्या गाडीनं आले होते. तात्या बांधावर उभे राहिले, मी पदर ओढून चार पावलं मागं.

"तिला इचार," तात्या आक्कांना म्हणाले, "किती हाईत? गाडी भरंल का?"

मला उत्तर माहीत नव्हतं.

आक्का बांधावरून खाली उतरल्या. पहिल्या आळ्याशी जाऊन थांबल्या. पदराखालून उजवा हात बाहेर काढला, मूठ उघडली आणि बोट सरळ केलं. ताठ, भोपळ्याच्या तोंडाशी.

"एक," त्या म्हणाल्या.

पुढं सरकल्या. "दोन. तीन. चार."

आवाज ठणठणीत होता. तात्यांनी सवयीनं पाच म्हणायला ओठ उघडले, तोवर आक्का सातावर पोचल्या होत्या. मोजणीत बाई अडखळतच नव्हती. पंचवीस झाले, चाळीस झाले. आम्ही तिघं बांधाबांधानं त्यांच्या बरोबरीनं चालत होतो. पानं उचलून, वेल सरकवून, ओढ्याच्या काठी लपलेल्यांनाही त्यांनी सोडलं नाही. साठ, पासष्ट. एकेका भोपळ्याला बोट दाखवत, चढत्या आवाजात. एवढे शब्द एका दमात त्यांच्या तोंडून आम्ही कुणीच कधी ऐकले नव्हते. नव्वद झाले तेव्हा तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"एकशे अठरा," आक्का म्हणाल्या आणि थांबल्या.

एकशे अठरा भोपळे एका गाडीत मावत नाहीत. तात्यांनी गाडीकडे पाहिलं, मग भोपळ्यांकडे.

आक्का मागं वळल्या. बोट अजून सरळ होतं. ते त्यांनी माझ्याकडे केलं.

"ह्यो... ह्यो..."

मोजणी संपली होती, शब्द पुन्हा अडकायला लागले होते. तात्यांना पुढचं कळलं होतं, माझ्या नवऱ्यालाही कळलं होतं. मलाही. पण कुणी त्यांच्या तोंडातला शब्द घेतला नाही. तात्या टोपी हातात धरून उन्हात उभे राहिले.

"ह्यो म... माळ," आक्का म्हणाल्या, "हिचा."

"व्हय," तात्या म्हणाले. "हिचाच."

गाडीच्या दोन खेपा झाल्या. भट्टीवाल्याला तात्यांनी स्वतः जाऊन नाही म्हणून सांगितलं आणि सोप्याची भिंत पुढं सहा वर्षं कच्चीच राहिली. संक्रांतीला हे मागावरून कायमचे घरी आले. खोकला जायला दोन पावसाळे लागले, पण गेला. माळावर आजही भोपळे होतात, आणि पहाटे मी जाते तेव्हा दर वेलाला चार फुलं सोडून एक घेते. आक्का गेल्या त्याला आता अकरा वर्षं झाली.

बोट दाखवलेलं फळ सडतं, असं अजूनही लोक म्हणतात. मी वाद घालत नाही. आक्कांनी माझ्याकडे बोट केलं त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, आणि गुडघे सोडले तर मी अजून धडधाकट आहे.